मालूला विचारलं तेव्हा

“तिचं हृदय पुन्हा थांबलं, तर आम्ही काय करायचं ते घरात बोलून सांगा,” ऋत्विक डॉक्टर म्हणाले. “आज सकाळी केलं तसं छाती दाबून परत चालू करायचं, की नाही करायचं.”

पेणच्या त्या बालरुग्णालयात डॉक्टरांच्या खोलीत तीनच खुर्च्या होत्या. एकीवर रितेश, दुसरीवर त्याची सासू अनिता, आणि तिसरीवर रितेशची आई मालू, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. जिच्या मुलीबद्दल बोलणं चाललं होतं ती रितेशची बायको प्रणिता शेजारी, बाळांच्या आयांसाठी ठेवलेल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी येत नाही म्हणून तिनं सांगितलं होतं.

“नाय करायचं म्हंजे?” अनिता एकदम पुढे सरकली. रोह्याची बाई, आवाज मूळचाच चढा. “मग हॉस्पिटल कशाला काढलंत? एवढी मशिनं काय शोभेला ठेवलीत?”

“मामी, ऐका तरी,” रितेश सासूला म्हणाला.

डॉक्टर रागावले नाहीत. तिशीतला माणूस, दाढी दोन दिवसांची वाढलेली. “मशीन श्वास देतंय, मावशी. पण तिच्या डोक्यात दोन्ही बाजूंना रक्त उतरलंय. त्याला माझ्याकडे मशीन नाही.”

“म्हंजे जगणार नाय?”

“जगेलही.”

“मग?”

“जगली तर बहुतेक चालणार नाही, बोलणार नाही. कदाचित गिळताही येणार नाही. आणि हे मी ‘बहुतेक’ म्हणतोय. खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. अशातलं एखादं मूल मी पुढे चालताना पाहिलेलं आहे.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं, असं मालूला वाटलं. दार लोटता लोटता कुणी फटीत पाय घालावा, तसं ते वाक्य मध्येच येऊन राहिलं. पण खरं असेल तर ते न बोलून तरी कसं चालणार होतं?

“डॉक्टर, तुमची असती तर तुम्ही काय केलं असतं?” रितेशनं विचारलं.

डॉक्टर टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. “ते नका विचारू. माझी नाही, म्हणून तर मी इथं रोज काम करू शकतो.” मग उठता उठता म्हणाले, “उद्या दुपारपर्यंत सांगा. काहीच सांगितलं नाहीत तर मला दाबावंच लागेल.”

मालूची नजर त्यांच्या अंगठ्यांवर खिळली होती. सकाळी काचेतून तिनं ते पाहिले होते. नातीची सगळी छाती त्या दोन अंगठ्यांखाली झाकली गेली होती.

प्रणिताला सहावा महिना पुरा व्हायचा होता, तेव्हा हे झालं. त्याआधी दोनदा पोट राहिलं होतं आणि दोनदा गेलं होतं, तेव्हा ह्या खेपेला तिला पाण्याची कळशीही उचलू दिली नव्हती. तरी चैत्रातल्या एका भर दुपारी ती मोरीच्या दारात उभी राहून म्हणाली, “आई, काहीतरी चुकतंय.” पेणला आणेपर्यंत सगळं हाताबाहेर गेलेलं. रितेश नागोठण्याहून कंपनीच्या बुटांसकट आला, डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. तेव्हासुद्धा ह्याच डॉक्टरांनी विचारलं होतं, की एवढ्या आधी जन्मणारं बाळ, प्रयत्न करायचा की नुसतं उबेत आईजवळ ठेवायचं? डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत रितेश म्हणाला होता, “सगळं करा.”

कोण दुसरं म्हणणार होतं?

पैशाचं म्हणावं, तर कंपनीचा विमा होता आणि तो सगळं भरत होता. एखाद्या वेळी मालूला वाटे, नसता तर बरं झालं असतं. ऐपत नाही म्हणून सोडलं, असं म्हणून माणसं निदान घरी जातात, देवाला शिव्या देतात, सरकारला देतात. इथं तीही वाट बंद होती. दोष द्यायला कुणीच नव्हतं, आणि म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते.

बाहेर आल्यावर अनिता फोन लावायला खाली गेली. रितेश खिडकीच्या गजाला कपाळ टेकून उभा राहिला.

“आई, तू सांग.”

“मी काय सांगू? बाप तू हायस.”

“मी एकदा सांगितलं ना. सकाळी ते दाबत होते ना, ते माझ्या तोंडातनं निघालेल्या शब्दानं दाबत होते. आता उलटं बोलायला माझं तोंड उघडत नाय.”

“मग करा म्हण.”

“ते पण निघत नाय.”

त्याचा कान लाल झाला होता. लहानपणी रडू आवरताना व्हायचा तसा. मालूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

प्रणिता जागीच होती. मालू आत येऊन म्हणाली, “ऊठ गो, चहा आणलाय. बिस्कीट बुडव एखादं.”

“आई, मला विचारायला आला असाल तर विचारू नका.” ती वळलीच नाही. “हो म्हटलं तरी मीच, नाय म्हटलं तरी मीच. तुम्ही काय ते ठरवा. आणि मला सांगू पण नका.”

मालू चहाचा पेला हातात धरून उभी राहिली. चहावर साय धरेपर्यंत उभी राहिली.

कुणी तरी आपल्याला विचारायला हवं होतं, हे मालूचं आयुष्यभराचं दुःख होतं. रितेशच्या आधी तिला एक झालं होतं. तेही असंच, सहा महिन्यांच्या आतबाहेर. तेव्हा जोह्याच्या घरापासून पेणपर्यंत यायला बैलगाडी, आणि पेणात आलं तरी डॉक्टर काय करणार होता? घरातच झालं. धोंडुबाई सुईण होती. तिनं मूल सुपात घेतलं, खाली कापूस, वर कापूस, आणि सूप नेऊन चुलीच्या उबेला ठेवलं. मालू माजघरात पडली होती. मधल्या कुडातून तिला आवाज येत होता, मांजराचं पिल्लू दूर कुठंतरी अडकावं तसा. ती म्हणाली, “मला दाखवा.” सासू म्हणाली, “नको गो. माया लागंल.” गुरं परतायच्या वेळेला आवाज थांबला. मग तिचा नवरा आणि सासरा काहीतरी घेऊन मागल्या दारानं गेले आणि हातपाय धुऊन आले. घरात त्या दिवशी नेहमीसारखा भात शिजला.

मुलगा की मुलगी, हेही कुणी तिला सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी पेणच्या बाजारातून परतताना धोंडुबाई तिच्याशेजारी एसटीत बसली होती, तेव्हा सुक्या बोंबलांच्या भावावरून बोलता बोलता म्हणाली, “तो मुलगा व्हता हो तुझा. नाक बापासारखं.” आणि परत बोंबलांवर गेली.

मालू गणपतीच्या कारखान्यातल्या बायकांना सांगायची, “तेव्हा ह्या उबेच्या पेट्या असत्या तर जगला असता माझा. आणि नसता जगला तरी, मला एकदा विचारायला पायजे होतं का नाय?” बायका माना हलवायच्या.

आता विचारत होते. एकजण नाही, तिन्ही बाजूंनी. आणि मालूला जन्मात पहिल्यांदा आपल्या सासूचा हेवा वाटला, त्याहून जास्त धोंडुबाईचा. तिनं सूप उचललं, चुलीपाशी ठेवलं, वर फडकं टाकलं. तिला कुणी उद्या दुपारपर्यंतची मुदत घातली नव्हती.

संध्याकाळी आजीला घटकाभर आत सोडत. रोशनी सिस्टर दाराशी उभी होती. रोह्याकडच्या एका वाडीवरची पोर, काळीसावळी, हसरी, केसांवर जाळीची टोपी.

“आजी, बांगड्या काढा. कोपरापर्यंत धुवा.”

“काल धुतले की गो.”

“कालचे जंतू काल गेले. गणपती रंगवता तेव्हा हात धूत नाय काय?”

“त्याला कसले जंतू?”

“त्याला नसतील, त्याच्या भक्तांना असतात. धुवा गुपचूप.”

मालूला हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली.

पेटीत ती होती. कातडी ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आतलं सगळं दिसणारी. कान दुमडलेल्या पानासारखा. छाती वरखाली होत नव्हती. त्या यंत्रानं ती नुसती थरथरत होती, इंजिन चालू असताना मिनीडोर रिक्षाचा पत्रा थरथरतो तशी. आणि डोळे. मिटलेले नव्हते ते. मिटलेल्या डोळ्याला फट असते. इथं दोन्ही पापण्या एकमेकींना धरून सलग झालेल्या.

“अजून उघडले नायत,” रोशनी म्हणाली. “एवढ्या आधीच्या बाळांचे नसतात उघडलेले. उघडतील आपसूक.”

मालूनं त्या सलग पापण्यांकडे बघितलं, आणि तिच्या मनात जे आलं ते फक्त तिच्याच मनात येऊ शकलं असतं.

तिशीपासून ती हैबतशेटच्या कारखान्यात आखणीला होती. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. मूर्ती घडते, सुकते, रंगते, आणि सगळ्यात शेवटी आखणीवाल्याकडे येते. हैबतशेटच्या कारखान्यात एक रीत होती. डोळे काढेपर्यंत मूर्तीला मूर्ती म्हणायचं नाही, तो माल. शाडूचा हात मोडला, सोंडेला चीर गेली, तर उचलून मागल्या हौदात टाकायचा. रात्रीत माती भिजते, सकाळी पोरं पायांनी तुडवतात, आणि तिचाच दुसरा गणपती होतो. कुणाला काही वाटत नाही. पण एकदा डोळे उघडले, की मग पाय लावायचा नाही, भिंतीकडे तोंड करायचं नाही. भंगला तर हात जोडून नदीला न्यायचा.

हिची आखणी व्हायचीय, असं मालूच्या मनात आलं.

तिला स्वतःची शिसारी आली. पण विचार गेला नाही. जोह्याच्या मिनीडोरमध्ये बसेपर्यंत तो तिच्या मांडीवर येऊन बसला होता आणि तिला त्याची ऊब वाटत होती. अजून डोळे उघडलेले नाहीत, म्हणजे अजून ती पुरती आलेली नाही. जी आली नाही तिला परत पाठवली, तर त्यात पाप कसलं? दिवसभरात पहिल्यांदा मालूला धड श्वास घेता आला.

सकाळी ती कारखान्यात गेली. घरी बसवत नव्हतं आणि हाताला काहीतरी हवं होतं. हैबतशेट आता काही करत नसत. ऐंशी उलटलेले, दारात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चुका काढत.

“मालू, डोळ्यांना आज हात लावू नको. हात बघ तुझा, बुजगावण्यासारखा हलतोय. पितांबर रंगव.”

“रंगवते.”

“नात?”

“तशीच हाय.”

ती पिवळ्या रंगात ब्रश बुडवून बसली. फळ्यांवर ओळीनं गोरे, गुळगुळीत, डोळे नसलेले चेहरे. थोड्या वेळानं तिनं मान न वळवता विचारलं, “शेट, आखणीच्या आधीचा हौदात टाकताना तुमाला कधी वाईट वाटलं काय हो?”

“वाईट? त्यात कसलं वाईट? उलट सुटला बिचारा. मोडक्या हातानं उभा राहण्यापरीस बरं.” शेट खाकरले. “हल्ली मात्र डोळे काढलेला फुटला तरी चिरेत लांबी भरून विकतात लेकाचे. कुणाला काय चाड नाय. का गो, मध्येच?”

“काय नाय. आठवलं आपलं.”

एवढंच तिला हवं होतं. तिनं ब्रश धुतला, हात पुसले, आणि पेणची मिनीडोर धरली. वाटेत तिनं वाक्य जुळवून ठेवलं. साधं, छोटं. रितेशला बाजूला घेऊन सांगायचं आणि मग त्यानं डॉक्टरांना सांगायचं.

रुग्णालयाच्या जिन्यात अनिता उभी होती, हातात पेढ्यांचा पुडा. वॉचमनच्या तोंडात तिनं एक कोंबला आणि दुसरा मालूच्या तोंडाशी आणला.

“विहीणबाई, डोळा उघडला! आज सकाळी! एक उघडला, दुसरा पण उघडंल! मी बोलले नव्हते? माझ्या नातीचा जीव चिवट हाय!”

मालूनं पेढा हातात घेतला. रितेश वरच्या पायरीवर बसला होता, हसत होता आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. मुलीच्या जन्मापासून तो हसला नव्हता. “आई, जा, बघून ये. लवकर जा.”

तिनं हात धुतले. कोपरापर्यंत, न सांगता. पेढा खिडकीच्या कट्ट्यावर राहिला.

उजवा डोळा उघडला होता. पुरता नव्हे, फट पडली होती, आणि आत काळसर निळं, ओलं काही चमकत होतं. मालूनं आजवर हजारो डोळे काढले होते. समोर उभं राहणाऱ्याला वाटावं की देव माझ्याकडेच बघतोय, ती करामत तिच्या हाताला साधली होती. हा डोळा कुणाकडेही बघत नव्हता. ट्यूबलाइटचा उजेड त्यावरून घरंगळून जात होता. पण तो उघडा होता. काल रात्रभर उराशी धरलेला विचार मालूच्या हातून गळून पडला आणि हाताला काही उरलं नाही.

“कळतं काय गो हिला?” तिनं रोशनीला विचारलं.

“बघणं बहुतेक नाय कळत.” रोशनी म्हणाली. आज तिनं चेष्टा केली नव्हती. “दुखणं कळतं.”

“कशावरनं?”

रोशनीला तसंही तपासणीला रक्त घ्यायचं होतं. तिनं ते इवलं पाऊल दोन बोटांत धरलं, टाच पुसली आणि टोचली. पेटीतल्या चेहऱ्याला एकदम सुरकुत्या पडल्या. कपाळ आठ्यांनी भरलं, एखाद्या म्हातारीसारखं. नळीच्या भोवती तोंड जेवढं उघडता येईल तेवढं उघडलं, हनुवटी थरथरली. ते सगळं रडणं होतं. आवाज मात्र नव्हता.

“नळी हाय ना गळ्यात,” रोशनी म्हणाली. “आवाज येत नाय.”

“दिवसातनं किती वेळा गो असं?”

रोशनीनं टाचेवर कापूस दाबून धरला.

कुडाच्या पलीकडून येणारा तो जुना आवाज मालूनं उभा जन्म कानात सांभाळला होता. त्याचं पोरकेपण तिला रात्री उठवी. त्याला निदान रडता येत होतं, असं तिला कधी वाटेल, हे तिला ठाऊक नव्हतं.

दुपारी डॉक्टरांच्या खोलीत ती तिघं पुन्हा बसली. अनिता पेढे घेऊन आली होती. डॉक्टरांनी एक घेतला आणि कागदासकट टेबलावर ठेवला. डोळा उघडणं वयाप्रमाणे होतं, ते म्हणाले, त्यावरून काही ठरवू नका. सकाळी डोक्याचा फोटो काढला होता. रक्त वाढलं होतं, आता पाणीही भरत होतं.

रितेशचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. काढून ठेवायचं राहून गेलेल्या हेल्मेटसारखं. तो आईकडे बघायला लागला.

मालूनं मिनीडोरमध्ये जुळवलेलं वाक्य शोधलं. सापडलं नाही. मग जे निघालं ते निघालं.

“दाबू नका.”

“काय बोलता हो!” अनिता उभीच राहिली. “आज डोळा उघडला पोरीनं!”

“व्हय. बघितला मी.”

“बघून असं बोलता?”

“बघून बोलते. कालच बोलणार व्हते. काल सोपं व्हतं.”

“जीभ कशी वळते तुमची? तुमची नात ना ती? माझ्या पोरीनं दोनदा सोसलं, आता तिसऱ्यांदा—”

“मामी,” रितेश म्हणाला. एवढंच म्हणाला.

मालू डॉक्टरांकडे वळली. तिचा हात आता हलत नव्हता. “हे मी सांगितलं. रितेशनं नाय, प्रणितानं नाय. उद्या कुणी विचारलं, अगदी ह्या दोघांनी जरी विचारलं, तरी सांगायचं, म्हातारीनं सांगितलं.”

“आजी, आई-बाबांचं म्हणणं लागतं मला.”

रितेशनं मान खाली घातली. ती तशी घालताना होकारानं एकदा हलवली. मग सगळ्यांना दारात कुणी असल्याचं कळलं. प्रणिता उभी होती, अनवाणी, दाराच्या चौकटीला धरून. किती वेळ उभी होती कोण जाणे.

डॉक्टर उठले. “प्रणिता, तुम्ही ऐकलंत?”

तिनं हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. “मला ती घ्यायचीय.”

“नळ्या आहेत, मशीन आहे—”

“असूदे. कशीपण घ्यायचीय. एकदा पण घेतली नाय मी.”

“द्या तिला, डॉक्टर,” मालू म्हणाली. तिचा आवाज इतका चढला, की अनितासुद्धा चपापली. “दुसरं काय मागत नाय. ते द्या.”

डॉक्टर म्हणाले, “देतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मुलीचं हृदय मंदावत गेलं. पेटीशेजारी एक आरामखुर्ची आणून ठेवली होती. प्रणिता तिच्यावर मागे रेलून बसली होती, आणि तिच्या उघड्या छातीवर, दुपट्याखाली, नळ्यांसकट मुलगी. रितेश खाली फरशीवर बसला होता, खुर्चीच्या हाताला डोकं टेकून. मालू भिंतीशी होती. अनिता आत आली नाही.

प्रणिता तिला घर सांगत होती. “आपल्या घराला दोन पायऱ्या हायत. वरच्या पायरीवर मांजर बसतं. पिवळं हाय. त्याला घाबरायचं नाय, ते काय करत नाय. बाबा बूट बाहेर काढतात, त्यात पाय घालायचा नाय, विंचू असतो कधीकधी. मागं मोरी हाय. मोरीपाशी शेवगा हाय...”

यंत्र वाजायला लागलं. रोशनीनं बटण दाबून त्याचा आवाज बंद केला. डॉक्टर सवयीनं धावतच आले, पेटीपर्यंत आले, आणि थांबले. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरून ठेवले. अंगठे पांढरे पडेपर्यंत.

मालू भिंतीशी होती, त्यामुळे तिला ते हात दिसत होते. स्वतः सांगितलेलं असूनही तिला वाटलं, ते सुटावेत. ते सुटले नाहीत.

“...शेवग्याला शेंगा आल्या की तुला दावीन,” प्रणिता म्हणाली.

जोह्याच्या वेशीबाहेर, जिथं एवढ्या लहानांना पुरतात, तिथं रितेशनं तिला नेलं. मागल्या दारानं नाही. पुढल्या दारानं, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हातात घेऊन. मालूनं तेवढं सांगून ठेवलं होतं.

अनिता प्रणिताला रोह्याला माहेरी घेऊन गेली. जाताना ती मालूशी बोलली नाही. पण बाकी सगळ्यांशी बोलली. आठवडा उलटायच्या आत मालूच्या कानावर यायला लागलं. मिनीडोरमध्ये पुढल्या बाकावरच्या बायका आवाज दाबून म्हणायच्या, “तीच ती. डॉक्टर वाचवत व्हते, हिनंच नको म्हणून सांगितलं.” कारखान्यात नवीन आलेली एकजण तिच्याशेजारी बसायची ती उठून दुसऱ्या फळीवर गेली. मालूनं कुणाला काही समजावलं नाही. रितेश एकदा चिडून म्हणाला, “आई, तू गप कशी बसतेस? मी सांगतो एकेकाला.” तर ती म्हणाली, “तू कंपनीत जा. शिफ्ट चुकंल.”

पण एक दिवस रितेशच रोह्याहून येऊन गप्प बसला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “तिला ताप हाय. छाती दगडासारखी झालीय. औषध घेत नाय, कुणाला हात लावू देत नाय. डॉक्टरकडे चल म्हटलं तर ओरडते.”

दुसऱ्या सकाळी मालू रोह्याच्या एसटीत बसली.

अनिता ओट्यावरच होती, तांदूळ निवडत. तिनं सूप खाली ठेवलं नाही आणि ये-बसही म्हटलं नाही. मालू चपला काढून सरळ आत गेली. प्रणिता मागच्या खोलीत जमिनीवर बसली होती. छातीला जुनी साडी करकचून बांधलेली आणि ती साडी समोर भिजलेली.

“सोड ते,” मालू म्हणाली.

प्रणिता तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पाठ वळवली. मालूला वाटलं, ही आता भिंतीकडे तोंड करून पडणार. पण तिनं गाठ सोडायला दिली होती.

मालूनं चुलीवर पाणी तापवलं, फडकी पिळून शेक दिला, कितीतरी वेळ दिला. मग वाटी धरली आणि वरून खाली, हलक्या हातानं, गाठी मोकळ्या करत आणल्या. प्रणितानं ओठ चावले, मग मोठ्यानं ओरडली. पहिल्यांदा थेंब आले, मग धार लागली. वाटीच्या तळाला ती वाजली.

“आई,” प्रणिता म्हणाली. किती दिवसांनी म्हणाली. “तुम्ही सांगितलंत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं? की हेच बरोबर म्हणून?”

मालूचा हात थांबला नाही.

“नाय गो,” ती म्हणाली. “ठाऊक नव्हतं.”

 प्रणितानं वाटी स्वतःच्या हातात धरली, म्हणजे मालूचे दोन्ही हात मोकळे झाले.

वाटी भरली तेव्हा मालू ती घेऊन परसात गेली. हे दूध कुणाच्या पायदळी येता कामा नये, म्हणून तिनं कोपऱ्यातलं अनंताचं झाड निवडलं, जिथून कुणाची जा-ये नव्हती. वैशाखातली जमीन कडक झालेली. दूध लगेच मुरलं नाही, बुंध्याभोवती पांढरं उभं राहिलं. ते सगळं आत जाईपर्यंत ती तिथं उभी राहिली. मग तिनं रांजणातल्या पाण्यानं वाटी धुतली, पदरानं पुसली, आणि दुसऱ्या बाजूसाठी आत नेली.